काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं, पण डोळे तपासले का?

"डॉक्टर, आवाज केला की वळते, पण तोंडाकडे बघत नाही हो आमच्या." पाच महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन आजी सांगत होत्या. बाजूला आई गप्प बसलेली.

मी फाइल मागितली. बाळाचा जन्म एकतिसाव्या आठवड्यातला, वजन सोळाशे ग्रॅम. पंचवीस दिवस एनआयसीयूमध्ये, त्यातले नऊ दिवस ऑक्सिजनवर. मध्येच जंतुसंसर्ग झाला, एकदा रक्तही द्यावं लागलं. तरीही बाळ तगलं आणि घरी आलं. घरच्यांनी पेढे वाटले. डिस्चार्ज कार्डावर औषधं होती, लसींच्या तारखा होत्या, दूध किती द्यायचं हे होतं. अगदी तळाला घाईत लिहिलेले दोन शब्द होते : 'आय चेकअप'. कधी, कुठे, कशासाठी, यातलं काहीच नव्हतं.

टॉर्च लावली तर दोन्ही बाहुल्या पांढरट दिसल्या. सोनोग्राफी केली. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटलेले होते.

या आजाराचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजेच आरओपी. यावरच्या लेखांत धोक्याच्या कारणांची यादी असते. तशी यादी मीही देणार आहे, कारण ती पालकांना माहीत असायलाच हवी. पण इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझं मत असं झालं आहे की, आपल्याकडे या आजाराने जी मुलं अंध होतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत निर्णायक ठरलेलं कारण त्या यादीत नसतंच. ते कारण म्हणजे चुकलेली तारीख.

आजार नेमका काय आहे?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखं त्याचं काम. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बाळ पोटात असताना साधारण सोळाव्या आठवड्यापासून वाढू लागतात. पडद्याच्या मध्यभागाजवळून, जिथे डोळ्याची नस आत येते तिथून, त्या हळूहळू कडेकडे पसरतात. नाकाकडची कड त्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यात गाठतात, तर कानाकडची कड गाठायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात.

बाळ लवकर जन्मलं की हे काम अर्धवट राहतं. पडद्याची कड रक्तवाहिन्यांविना उरते. त्यातच पोटातल्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन आपल्यापेक्षा बराच कमी असतो, आणि जन्मल्यावर तो एकदम वाढतो. वर बाहेरून ऑक्सिजन दिला तर आणखी वाढतो. भरपूर ऑक्सिजन मिळतो आहे म्हटल्यावर रक्तवाहिन्यांची वाढ थबकते. हा पहिला टप्पा.

पुढे काही आठवड्यांत पडदा मोठा होतो, त्याची गरज वाढते. रक्तवाहिन्या नसलेला भाग उपाशी पडतो आणि 'रक्त पाठवा' असा रासायनिक निरोप देऊ लागतो. या निरोपाने नव्या रक्तवाहिन्या येतात खऱ्या, पण वेड्यावाकड्या आणि ठिसूळ. पुष्कळ बाळांत हे आपोआप निवळतं. काही बाळांत मात्र त्या वाहिन्यांतून रक्तस्राव होतो, व्रणासारखे धागे तयार होतात आणि ते आकसताना पडदा ओढून सोडवतात. हा दुसरा टप्पा. तो जन्माच्या दिवशी नसतो, नंतरच्या आठवड्यांत येतो.

म्हणूनच जन्मल्या जन्मल्या केलेली तपासणी उपयोगाची नाही आणि पाच महिन्यांनी केलेलीही नाही. मधली एक खिडकी असते. तेवढ्यात बघावं लागतं.

धोका कुणाला जास्त?

सर्वांत मोठी कारणं दोनच : बाळ किती लवकर जन्मलं आणि जन्माचं वजन किती कमी होतं. जितके आठवडे कमी, तितका पडदा अपुरा. बाकीची कारणं या दोन कारणांवर भर घालतात :

- ऑक्सिजन जास्त प्रमाणात, जास्त दिवस किंवा सतत वरखाली होत मिळणं
- श्वासाचा त्रास, व्हेंटिलेटरची गरज, वारंवार श्वास थांबणं
- जंतुसंसर्ग, विशेषतः रक्तात पसरलेला, बुरशीचा संसर्गही
- रक्त द्यावं लागणं, मेंदूत रक्तस्राव होणं
- जन्मानंतर वजन हळू वाढणं

शेवटच्या मुद्द्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. बाळाच्या वाढीला लागणारी काही संप्रेरकं डोळ्याच्या रक्तवाहिन्यांनाही लागतात. अंग धरत नसलेल्या बाळाचा पडदाही मागे राहतो. आईचं दूध, कांगारूसारखं छातीशी धरून ठेवणं, हात धुतल्याशिवाय बाळाला न शिवणं या गोष्टी साध्या वाटतात. पण त्यांनी वजन वाढायला आणि संसर्ग टाळायला मदत होते, आणि त्याचा फायदा डोळ्यांनाही मिळतो. वेळेआधी कळा सुरू झाल्या तर आईला दिली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शनंही बाळाच्या फुप्फुसांना बळ देतात आणि ऑक्सिजनची गरज कमी करतात. म्हणून पोटात दुखू लागलं की 'बघू उद्या' म्हणत घरी थांबू नये.

आता काय केल्याने हा आजार होत नाही, तेही सांगतो. काविळीसाठी निळ्या प्रकाशात ठेवल्याने आरओपी होत नाही. तेज उजेडाने होत असेल असं एकेकाळी डॉक्टरांनाही वाटायचं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बाळांच्या डोळ्यांवर येणारा प्रकाश कमी करून पाहिला, फरक पडला नाही. मोबाइलवर फोटो काढल्याने होत नाही. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून तर अजिबात नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण असा आजार निघाला की घरात पहिलं बोट आईकडे जातं.

ऑक्सिजनमुळे झालं का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि त्यात राग असतो. 'एनआयसीयूवाल्यांनी जास्त ऑक्सिजन दिला म्हणून आमच्या बाळाचे डोळे गेले.' याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे.

१९४२ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. टेरी यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत अशी सुमारे दहा हजार मुलं अंध झाली आणि त्यातली बहुसंख्य श्रीमंत देशांतली होती. कारण तिथेच काचेच्या पेट्या होत्या आणि मुबलक ऑक्सिजन होता. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर हे १९५० साली वेळेआधी जन्मले, त्यांची दृष्टी याच आजाराने गेली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. त्यानंतर अमेरिकेतल्या चाचण्यांनी संशय खरा ठरवला. मग सगळीकडे ऑक्सिजनवर कात्री लागली आणि अंधत्व झपाट्याने घटलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण ऑक्सिजन आखडल्यावर बाळं दगावू लागली, काहींच्या मेंदूला इजा झाली. १९७३ मध्ये एका ब्रिटिश संशोधकाने अंदाज मांडला की, एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बाळांचा जीव गेला असावा. अलीकडच्या, २०१० नंतरच्या मोठ्या चाचण्यांतही हीच ओढाताण दिसली. रक्तातली ऑक्सिजनची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवली तर गंभीर आरओपी कमी, पण मृत्यू जास्त. ९१ ते ९५ ठेवली तर मृत्यू कमी, आरओपी थोडा जास्त.

म्हणजे ऑक्सिजन हे औषध आहे, आणि प्रत्येक औषधाला मात्रा असते. ज्या डॉक्टरांनी ऑक्सिजन दिला, त्यांनी बाळ वाचवलं. त्यांना गुन्हेगार ठरवणं चूक आहे. पण तो मोजून दिला का, हा प्रश्न विचारायचा हक्क पालकांना नक्कीच आहे. बाळाच्या पायाला पल्स ऑक्सिमीटर होता का? हवा आणि ऑक्सिजन मिसळून देणारा ब्लेंडर होता का, की सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजनच थेट नळीने सुरू होता? पातळी ९८–१०० दिसत असताना कुणी ऑक्सिजन कमी केला का? घरात आपण '१०० टक्के म्हणजे उत्तम' असं समजतो. बाहेरून ऑक्सिजन चालू असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ती पातळी उत्तम नसते. एका गावातून दुसऱ्या गावी नेताना ॲम्ब्युलन्समध्येही हेच लागू आहे.

परदेशातलं माप आपल्याला पुरत नाही

अमेरिकेत साधारणपणे तीस आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या, अथवा दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळांचे डोळे तपासतात. त्यापेक्षा मोठ्या बाळांना तिथे गंभीर आरओपी क्वचितच होतो. आपल्याकडे मात्र होतो. पावणेदोन किलोच्या, बत्तीस-तेहतीस आठवड्यांच्या बाळांतही तो दिसतो. कारण सरळ आहे. लहान गावांपर्यंत एनआयसीयू पोचले, बाळं वाचू लागली, ही मोठी कमाई झाली. पण मोजून ऑक्सिजन देण्याची साधनं, संसर्ग रोखण्याची शिस्त आणि पुरेशा नर्सेस सगळीकडे त्याच वेगाने पोचल्या नाहीत.

म्हणून भारतातले निकष मुद्दाम सैल ठेवले आहेत :

- ३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी : तपासणी हवीच
- ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ, पण ऑक्सिजन, संसर्ग, रक्त देणं, श्वासाचा त्रास यांपैकी काही झालेलं : तपासणी हवी
- पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत
- २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ : दोन ते तीन आठवड्यांतच

सुरुवातीला सांगितलेली मुलगी एकतीस आठवड्यांची, सोळाशे ग्रॅमची. अमेरिकेच्या नेहमीच्या मापात ती बसली नसती. आपल्या मापात ती दोन्ही अंगांनी बसत होती. तरी सुटली.

पुस्तकात नसलेलं कारण

ती कशी सुटली, ते आजींनीच सांगितलं. डिस्चार्ज झाला तेव्हा बाळ पंचवीस दिवसांचं होतं. तिथून ते आईच्या माहेरी गेलं. आपल्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. त्यात हे तर एवढंसं बाळ, त्याला वारा लागायला नको. मग ठरलं, दीड महिन्याच्या लसीला जाऊ तेव्हा सगळंच विचारू. लसीच्या दिवशी गर्दी होती, बाळाचे डोळे बाहेरून टपोरे आणि छान दिसत होते, विचारायचं राहिलं. पुढे बाळ सासरी आलं, फाइल माहेरीच राहिली.

या गोष्टीत कुणीही निष्काळजी नाही. प्रत्येकाने बाळाच्या काळजीपोटीच केलं. पण तपासणीची खिडकी तीस दिवसांची, आणि आपला सव्वा महिना आणि दीड महिन्याची लस दोन्ही तिच्या पलीकडे पडतात. बाळाला जपण्याच्या आपल्या रीतीतच ही तारीख हरवते.

दुसरी फसगत 'पहिली तपासणी नॉर्मल आली' याने होते. पहिल्या वेळी डॉक्टर म्हणतात, 'आत्ता आजार नाही, दोन आठवड्यांनी या.' घरी पोचेपर्यंत त्यातलं 'आजार नाही' एवढंच उरतं. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्या असं डॉक्टर सांगेपर्यंत, गरजेप्रमाणे एक ते तीन आठवड्यांनी, पुन्हा पुन्हा दाखवावंच लागतं.

तिसरी फसगत म्हणजे, 'बाळ दिव्याकडे बघतंय की' ही समजूत. हा आजार बाहेरून दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही. बाहुली पांढरी दिसते तेव्हा बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो.

"आम्ही सव्वा महिना पाळला म्हणून असं झालं का?" आजींनी विचारलं. मी म्हणालो, "नाही आजी. तारीख तुम्हाला कुणी सांगितलीच नाही." आणि हेच माझं म्हणणं आहे. ही जबाबदारी पालकांच्या स्मरणशक्तीवर टाकून चालणार नाही. ती आम्हा डॉक्टरांची आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ते सांगितलं आहे. १९९६ साली तमिळनाडूत एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, साडेबाराशे ग्रॅम वजनाच्या मुलीची ही तपासणी झाली नाही, पालकांना सावधही केलं गेलं नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये न्यायालयाने तिला एकूण पावणेदोन कोटींच्या आसपास भरपाई द्यायला लावली. एकोणीस वर्षांनी पैसे मिळाले, डोळे नाहीत.

मग करायचं काय?

माझी मागणी साधी आहे. या निकषात बसणाऱ्या एकाही बाळाला डोळ्यांच्या तपासणीची तारीख, जागा आणि फोन नंबर कार्डावर ठळक लिहिल्याशिवाय घरी सोडू नये. बाळ दोन-तीन आठवडे दवाखान्यातच असेल, तर पहिली तपासणी तिथेच, पेटीजवळच व्हावी. आणि ठरल्या दिवशी बाळ आलं नाही तर दवाखान्याने फोन करावा. बिलाची थकबाकी असली तर फोन करतोच ना आपण?

माझे बालरोगतज्ज्ञ मित्र यावर म्हणतात, 'तुमच्यासारखे आरओपी बघणारे डोळ्यांचे डॉक्टर आहेत किती? तालुक्याला कोण येणार?' मुद्दा खरा आहे. भारतात वर्षाला सुमारे तीस लाख बाळं वेळेआधी जन्मतात आणि हे काम येणारे डॉक्टर मोजके आहेत. पण त्यावर उपाय आपल्या शेजारीच झाला आहे. कर्नाटकात २००८ पासून 'किडरॉप' उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या एनआयसीयूत जातात, पडद्याचे फोटो काढतात आणि तज्ज्ञ दूर बसून ते वाचतात. डॉक्टर पोचत नसेल तर फोटो पोचू शकतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही आरओपी आहे. कागदावर जागा मिळाली आहे, आता ती प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मिळायला हवी.

तपासणीला घाबरू नका

बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, मग बधिर करणारा थेंब. पापण्या उघड्या ठेवायला छोटासा चाप लावतात आणि काही मिनिटांत पडदा बघतात. बाळ रडतं, आई-बाबांचा जीव वरखाली होतो, डोळा थोडा वेळ लाल दिसतो. तपासणीच्या अगदी आधी दूध पाजू नये, उलटी होऊ शकते. एवढंच.

आजार वाढतो आहे असं दिसलं तर दोन-तीन दिवसांत उपचार करावे लागतात. लेसरने पडद्याची उपाशी कड शेकतात, किंवा डोळ्यात इंजेक्शन देतात. लेसरमध्ये बाजूची थोडी नजर कमी होऊ शकते, पण मधली, कामाची नजर राखता येते. इंजेक्शन दिलं तर आजार उलटू शकतो, म्हणून नंतर दीर्घकाळ दाखवत राहावं लागतं. वेळेत केलं तर बहुसंख्य बाळांची दृष्टी वाचते. पडदा पूर्ण सुटल्यावर मोठी शस्त्रक्रिया करूनही हाती फार थोडं लागतं. आरओपी झालेल्या मुलांना पुढे चष्मा, तिरळेपणा, मंददृष्टी यांचा धोका राहतो, म्हणून शाळेत जाईपर्यंत दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत.

घरी निघण्याआधी विचारा :

१. बाळ किती आठवड्यांचं, किती वजनाचं जन्मलं? कार्डावर लिहिलं आहे का?
२. डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाली का? झाली असेल तर पुढची तारीख कोणती?
३. झाली नसेल तर बाळ तीस दिवसांचं कधी होतंय, आणि त्याआधी कुठे न्यायचं?
४. जुळं असेल तर दोन्ही बाळांची तारीख लिहिली आहे का?
५. आम्ही दुसऱ्या गावी जाणार आहोत, तिथे ही तपासणी कोण करतं?

त्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली. एका डोळ्याला उजेड-अंधार कळतो. आता ती लवकर सुरू करायच्या प्रशिक्षणासाठी जाते, आवाजाने आणि स्पर्शाने शिकते, हुशार आहे. तिची आई मला म्हणाली, "सांगितलं असतं तर पंचविसाव्या दिवशी तिथूनच थेट आले असते मी."

तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कुणाचं सातव्या-आठव्या महिन्यातलं बाळ पेटीतून नुकतंच घरी आलं असेल, तर आजच त्यांना कार्ड काढून तारीख बघायला सांगा. सव्वा महिना पाळायचा तर जरूर पाळा. मध्ये एक दिवस बाळाला दुपट्यात नीट गुंडाळून डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र नेऊन आणा.